लाल होईपर्यंत

दिवसा ही शाळा लहान पोरांची.
साडेसहानंतर आमची.
बाक छोटे, गुडघे मोठे,
दहावीत अकरा जण, त्यातले दोघे
जांभईतच "हजर" म्हणतात.

प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट.
त्याची किल्ली घाणेकर शिपायांच्या कमरेला,
आणि घाणेकर आज पेणला, भाचीच्या साखरपुड्याला.
म्हणून सामान मीच आणलं:
रे रोडच्या रंगवाल्याकडून पाव किलो चुनकळी,
वाण्याकडून लिंबूसत्त्व, खायचा सोडा,
घरचे दोन स्टीलचे पेले.
तापमापी एकच. ती कोणी हलवायची नाही.

पहिला पेला. चुनकळीवर पाणी.
आधी काहीच नाही.
मग ढेकूळ तडकलं, फुगलं, वाफ सोडू लागलं.
हात लावू नका म्हटलं,
प्रमिला घागने लावलाच.
"आई गं! बाई, खाली शेगडी कुठंय?"
शेगडी नाही.
फळ्यावर लिहिलं: ऊष्मादायी.

दुसरा पेला. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात सोडा.
हा नुसता फेसाळला, काठावरून उतू गेला,
आवाज केवढा!
आणि पारा एकोणतीसवरून घसरत घसरत बावीसवर.
"म्हणजे उकळल्यासारखं दिसतं
आणि होतं गार?"
हो. दिसण्यावर जाऊ नये.
ऊष्माग्राही.

मग नेहमीचं वाक्य लिहिलं,
चौदा वर्षं हाताला पाठ असलेलं:
बंध तुटतो, ऊर्जा सुटते.
यमक जुळतं, म्हणून पोरांच्याही लक्षात राहतं.

"असं नसतंय, बाई."

शेवटचा बाक. सिद्राम वाघमोडे.
वर्षभरात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.
दारूखान्यात जहाजं कापतो,
भुवया अर्ध्या जळालेल्या,
बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं.

"तोडल्यावर सुटतंय कुठं?
तोडायला शिलिंडर जातोय.
ज्योत धरून बसायचं, लोखंड लाल होईस्तोवर,
तवर समदं आपल्याच खिशातनं.
शेठ वरडतोय, किती गॅस जाळतो म्हणून.
एकदा लाल झालं की मग
ऑक्सिजनचा खटका दाबायचा.
मग लोखंडच पेटतंय,
तेच पुढचं लोखंड तापवतंय,
ज्योत आपली नावाला."
थांबला. कानामागे खाजवलं.
"तुटून न्हाई मिळत, बाई.
ऑक्सिजनला धरतंय, तवा मिळतंय."

वर्ग गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मी फडकं घेतलं,
यमक पुसलं.
खाली दोन रकाने आखले:
तोडायला घातलेली. जुळताना आलेली.
मग वजाबाकी.
आलेली जास्त, तर प्रमिलाची बोटं पोळतात.
घातलेली जास्त, तर पेला
आपल्याच तळव्यातली ऊब ओढून घेतो,
परत द्यायचं नाव नाही.
आणि काही असतात, ज्यांच्याकडे देण्यासारखं पुष्कळ,
पण कोणीतरी आधी लाल होईपर्यंत
धरून बसावं लागतं.

बंध म्हणजे नाती, असं मी म्हणणार नाही.
ते निरोपसमारंभाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय.
मी वजाबाकी शिकवते.

तरी साडेनऊला खडू आवरताना
मनात चौदा वर्षांच्या उत्तरपत्रिका चाळल्या.
किती जणांनी ते वाक्य
सुवाच्य अक्षरात लिहिलं असेल,
आणि मी लाल शाईने दिले असतील
पैकीच्या पैकी.

पेले धुवायला घेतले.
एकाच्या तळाशी चुना, पांढरा, मऊ,
अजून कोमट.
सिद्राम बाकावर डोकं टेकून झोपला होता.
त्याची हजेरी मांडायची राहिली होती.
ती मांडली,
आणि दिवा जरा उशिरानेच घालवला.